सैतान शोधणाऱ्यांसाठी एक उलटा निरोप

कॅसेटच्या जमान्यात टेपरेकॉर्डर अधूनमधून फीत गिळायचा. मग झाकण उघडून ती बोटांनी हलकेच सोडवायची, पेन्सिल चाकात घालून गुंडाळायची, आणि तुटलीच असेल तर सेलोटेपचा बारीक तुकडा लावून जोडायची. अशीच एक जोडाजोड करताना माझ्या हातून फितीला अर्धा पीळ पडला. कॅसेट लावली, तर कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून परक्या भाषेत बोलतंय असा आवाज घरभर. आजी देवघरातून उठून आली. "बंद कर आधी ते. काहीतरी बाहेरचं वाटतंय."

बाहेरचं काही नव्हतं. कॅसेटच्या फितीवर दोन्ही बाजूंची गाणी शेजारी-शेजारी पण विरुद्ध दिशेने भरलेली असतात. फितीला पीळ पडला की 'ए' बाजू लावली तरी 'बी' बाजूचं गाणं वाजतं, तेही शेवटाकडून सुरुवातीकडे आणि फितीच्या पाठीमागून, म्हणून दबलेलं. आजीला जे बाहेरचं वाटलं ते तिचंच आवडतं भावगीत होतं.

आजीला वाटली तसल्याच भीतीपायी अमेरिकेत १९८०च्या सुमारास रान उठलं होतं. रॉकची गाणी उलटी वाजवली की त्यातून सैतान बोलतो, असं लाखो लोक मनापासून मानत होते. आता फोनमध्ये एका टिचकीत गाणं उलटं करता येतं, त्यामुळे "हे उलटं ऐका, अंगावर काटा येईल" छापाचे व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलेत, आणि चांगली शिकली-सवरलेली माणसं हळूच विचारतात, "यात काही तथ्य आहे का हो?" शास्त्रज्ञांनी त्याचं उत्तर दिलंय, ते पुढे येईलच. पण सगळ्यांत झणझणीत उत्तर दिलं ते एका ख्रिस्ती रॉक बँडने, आणि तेही आपल्याच तबकडीत दडवून. त्या बँडचं नाव पेट्रा.

## आरोप नेमका काय होता

ध्वनिमुद्रणात एखादा आवाज मुद्दाम उलटा भरून ठेवण्याला 'बॅकमास्किंग' म्हणतात. हा जड शब्द एकदाच. पुढे आपण त्याला उलटा निरोप म्हणू.

हे तंत्र काही काळ्या जादूतून आलेलं नाही. फितीचं रीळ उलटं लावलं की आवाज उलटा होतो, इतकं ते सोपं. बीटल्सनी १९६६ साली 'रेन' या गाण्याच्या शेवटी आवाज असा उलटा वापरला, कारण तो कानाला गंमतीदार लागत होता. १९६९ मध्ये मात्र अफवा पसरली की बीटल्समधला पॉल मॅकार्टनी मेलाय आणि त्याचे पुरावे तबकड्यांमध्ये लपवलेत. 'रेव्होल्युशन ९'मधले "नंबर नाइन" हे शब्द उलटे फिरवले की कुणा मेलेल्या माणसाबद्दलचं वाक्य ऐकू येतं, असं पोरं एकमेकांना सांगू लागली. मॅकार्टनी त्यानंतर कित्येक दशकं जगभर गात हिंडतोय, पण अफवेचं काही बिघडलं नाही. तबकडी उलटी फिरवायची सवय तेवढी मागे राहिली.

१९८२ साली हे प्रकरण थेट विधिमंडळात गेलं. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७१मधल्या 'स्टेअरवे टू हेवन'मध्ये सैतानाची स्तुती दडलीय असा बोभाटा झाला, आणि कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या एका समितीने बसून ते गाणं उलटं ऐकलं. समितीचा विषय होता ग्राहक संरक्षण आणि विषारी पदार्थ. गाणं यातल्या कुठल्या खात्यात बसवलं असेल, हा विचार मला अजून हसवतो. पुढल्याच वर्षी आर्कान्सा राज्यात अशा तबकड्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी डकवायला लावणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. तेव्हाचे गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी ते परत पाठवलं आणि त्याचा कायदा झाला नाही.

## ज्यांच्यावर दोन्हीकडून दगड आले

पेट्रा १९७२ साली इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरात सुरू झाला. गिटारवाला बॉब हार्टमन हा त्याचा कणा. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे खडक. मराठी बायबल वाचणाऱ्यांना पेत्र हे नाव आणि "या खडकावर मी आपली मंडळी रचीन" हे वचन लगेच आठवेल. इंग्रजीत खडक म्हणजे रॉक. म्हणजे नावातच देवही आला आणि गिटारही आली. पुढे या पोरांना काय ऐकून घ्यावं लागणार होतं ते पाहता, पहिलं उत्तर त्यांनी बारशालाच देऊन ठेवलं होतं म्हणायचं.

टीका दोन बाजूंनी होती. रॉक ऐकणारे म्हणत, हे कसलं रॉक, हे तर कीर्तन. आणि चर्चमधली कडवी माणसं म्हणत, शब्द येशूचे असले म्हणून काय झालं, ताल सैतानाचाच. त्यांच्या लेखी दोष ठेक्यातच होता. तो ठेका अंगात भिनतो, वासना चाळवतो, आणि त्यावर बायबलची ओवी घातली तर विषावर साखर पेरल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. कार्यक्रमाच्या दारात फलक घेऊन निदर्शक उभे राहायचे. ख्रिस्ती पुस्तकांची काही दुकानं असल्या तबकड्या ठेवायलाच तयार नसत.

या टीकाकारांमध्ये सगळ्यांत मोठा आवाज होता जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरच्या प्रवचनकाराचा. त्याने १९८७ साली ख्रिस्ती रॉकवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि नावातच या संगीताला मेंढराच्या कातड्यातला लांडगा म्हटलं. गंमत अशी की रॉक अँड रोलच्या आद्य कलाकारांपैकी एक, पियानो बडवून-बडवून वाजवणारा जेरी ली लुईस, हा या स्वॅगर्टचा चुलत-आते-मामे गोतावळ्यातला सख्ख्यासारखा भाऊ. दोघं एकाच गावात वाढलेले. स्वॅगर्ट स्वतः पियानोवर भक्तिगीतं गायचा आणि त्याच्या तबकड्याही खपायच्या. घरातली भांडणं जगाच्या चव्हाट्यावर येतात ती अशी.

## आणि मग ती खोडी

१९८२ म्हणजे कॅलिफोर्नियात ती समिती बसली तेच वर्ष. पेट्राची 'मोअर पॉवर टू या' ही तबकडी आली. तिच्यातल्या 'ज्यूडस किस' या गाण्याच्या तोंडाशी काही क्षण एक चमत्कारिक, गिळल्यासारखी बडबड ऐकू येते. शब्द कळत नाहीत. लपवाछपवीचा आव नाही; गाणं सुरू व्हायच्या आधी ती उघड्यावर ठेवलेली आहे, दारात पडलेल्या बेवारस पिशवीसारखी.

आता हा काळ डोळ्यांसमोर आणा. तबकडी उलटी वाजवायची म्हणजे बटण दाबायची सोय नव्हती. यंत्राची मोटर एकाच दिशेला फिरणारी. मोटर बंद करून, सुई खाली टेकवून, बोटाने तबकडी उलट्या दिशेला ओढायची. वेग चुकला की आवाज कधी घोगरा, कधी चिरका. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या आसपास हात स्थिर ठेवायचा म्हणजे जात्यावर बसल्यासारखंच काम. खोबणीवर ओरखडे पडायचे आणि सुईही कामातून जायची.

एवढा खटाटोप करून त्या सैतानशोधकाला काय ऐकू आलं? इंग्रजीत एक स्वच्छ वाक्य. मराठीत सांगायचं तर: "अहो, सैतानाला कशाला शोधत बसलाय? शोधायचं तर प्रभूला शोधा की!"

या विनोदावर थोडं थांबायला हवं, कारण तो दिसतो त्यापेक्षा पक्का विणलेला आहे. टीकाकाराला ते वाक्य ऐकायचं तर आधी तबकडी घरात आणावी लागते. मग ज्या गोष्टीला तो इतरांसाठी घातक म्हणतो, नेमकी तीच स्वतः करावी लागते. आणि शेवटी मिळतं ते शिवी नाही, टोमणाही धड नाही. कुठल्याही पाद्रीबुवांनी रविवारी व्यासपीठावरून उच्चारावं असं ते वाक्य आहे. त्यावर चिडणार कसं? चिडायचं तर आधी कबूल करावं लागतं की मी रात्री दिवाणखान्यात बसून बोटाने तबकडी मागे ओढत होतो. एकनाथांच्या भारुडात असतो तसला हा मामला: समोरचा हसतो, आणि हसता-हसता त्याच्या लक्षात येतं की बोलणं आपल्यालाच लागू आहे.

असे विनोद इतर बँडनीही केले. पिंक फ्लॉइडच्या १९७९च्या 'द वॉल'मध्ये उलटा निरोप शोधणाऱ्याचं चक्क अभिनंदन केलेलं आहे. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राने १९८३ साली 'सीक्रेट मेसेजेस' नावाची तबकडीच काढली. पण त्यांची थट्टा बाहेरच्याने केलेली होती. पेट्राने केली ती घरच्याने, त्याच मंडळीत बसून आणि त्याच धर्मग्रंथाच्या भाषेत.

## आवाज उलटा होतो म्हणजे काय होतं

इथे बहुतेकांची पहिली गफलत होते. आपल्याला वाटतं, शब्द उलटा म्हणजे अक्षरं उलटी. तसं नसतं.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याला राम म्हणता येईना म्हणून तो "मरा मरा" म्हणत राहिला आणि त्याचं "राम राम" झालं. हे टेप उलटी लावल्याने होत नाही. एकच माळ वेगळ्या मण्यापासून मोजायला लागल्याने होतं. 'मरा' हा शब्द खरोखर टेपवर भरून उलटा वाजवला तर आधी शेवटचा 'आ' येईल, मग 'र', मग 'अ', मग 'म'. ऐकू येईल 'आरम' असं काहीतरी. वाल्याच्या हाती टेपरेकॉर्डर असता तर रामाऐवजी आरामच लाभला असता.

दुसरं उदाहरण 'चिमा काय कामाची'. कागदावर हे वाक्य दोन्हीकडून सारखं. उलट्या फितीवर मात्र ते जवळपास 'ईचामाक्याकामिच' होऊन बसतं, कारण 'चि'मध्ये आधी 'च' आणि मग 'इ' असतो आणि फीत त्या दोघांचीही जागा बदलते.

तेही अर्धंच खरं. प्रत्येक ध्वनीला स्वतःचा आकार असतो. तबल्यावर 'धा' पडतो तेव्हा आवाज एकदम फुटतो आणि हळूहळू विरतो. तो उलटा वाजवा: आधी कुठूनतरी फुगत येतो आणि फटकन बंद होतो. तबला आहे हे ओळखूही येत नाही. पेटीचा लांब धरलेला सूर उलटा वाजवला तर मात्र फारसा फरक कळत नाही. बोलण्यातही तबला आणि पेटी दोन्ही असतात. 'क', 'ट', 'प' हे तबल्यासारखे फुटतात, ते उलटे झाले की ओळखीच्या पलीकडे जातात. 'आ', 'ई', 'ऊ' हे पेटीचे सूर, ते बऱ्यापैकी टिकतात. त्यामुळे उलट्या बोलण्यात माणसाचा आवाज असतो, स्वर असतात, बाई बोलतेय की पुरुष तेही कळतं, पण शब्दांच्या जागी मऊ, घसरता लगदा असतो. अर्धं ओळखीचं, अर्धं परकं. आजीला 'बाहेरचं' वाटलं ते उगाच नाही.

## मग इतक्या लोकांना ते शब्द ऐकू आले कसे

पावसाच्या तोंडावर पावशा ओरडतो तेव्हा आपला शेतकरी ऐकतो, "पेरते व्हा, पेरते व्हा." हिंदी मुलखात तोच पक्षी विचारतो, "पी कहाँ?" आणि साहेबाच्या कानाला तो 'ब्रेन फीवर' म्हणताना ऐकू आला, म्हणजे मेंदूज्वर! पक्षी एकच, ओरडणं एकच. ज्याच्या मनात पेरणी त्याला पेरणी, ज्याच्या मनात विरह त्याला विरह, आणि ज्याला उन्हाळा सोसवेना त्याला ताप.

कान नुसता आवाज आत घेतो. त्याचे शब्द मेंदू बनवतो. रोजच्या बोलण्यातही आपण बरंच काही अंदाजाने भरत असतो, म्हणून तर गर्दीच्या लोकलमध्ये शेजारच्याचं बोलणं समजतं. आवाज जितका धूसर, तितकी अंदाजाला मोकळीक. आणि कुणी आधीच सांगितलं असेल की इथे अमुक शब्द आहेत, तर मग विचारायलाच नको. त्या व्हिडिओंमध्ये काय असतं ते पाहा: उलटा आवाज सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर शब्द लिहून येतात. ते झाकून ऐका. मग सांगा, काय ऐकू आलं.

हे नीट तपासलं ते जॉन व्होकी आणि जे. डॉन रीड या दोन मानसशास्त्रज्ञांनी, कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात. त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. उलटं वाजवायला त्यांनी जे मजकूर घेतले त्यात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र होतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे. आपणहोऊन ऐकताना लोकांना त्यात काही सापडेना. पण संशोधकांनी ओढूनताणून काही वाक्यं जुळवली, "आता हे शोधा" म्हणून सांगितलं, आणि मग ती बहुतेकांना ऐकू येऊ लागली. म्हणजे पवित्र स्तोत्रातूनसुद्धा हवं ते काढता येतं. हवं काय ते आधी ठरलेलं पाहिजे.

## "पण कुणी मुद्दाम घातला असेल तर?"

असतोच कधीकधी, पेट्राने घातलाच होता. म्हणून तर हा विनोद समजावायला इतका कामाचा आहे. खरा उलटा निरोप कसा असतो त्याचा तो नमुनाच.

खूण साधी आहे. मुद्दाम भरलेला निरोप सुलट ऐकताना अगम्य वाटतो आणि उलटा केला की स्वच्छ होतो. कुणी काही न सांगता तो कळतो. पेट्राचं वाक्य असंच आहे. 'स्टेअरवे टू हेवन'चं तसं नाही. तिथे सुलट ऐकताना गाण्याची ओळ नीट अर्थपूर्ण आहे, आणि उलट ऐकताना कुणीतरी शब्द पुरवल्याशिवाय हाती काही लागत नाही.

दोन्ही बाजूंनी अर्थ लागेल असं लिहिणं अशक्य नाही, पण ते किती जिवावरचं काम आहे हे आपल्याला माहीत असायला हवं. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्यकवीने 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिलं: सुलट वाचावं तर रामकथा, उलट वाचावं तर कृष्णकथा. सगळे श्लोक मिळून चाळिशीच्या आतच, आणि तरीही पंडितांना टीकेशिवाय ते पुरतं उलगडत नाहीत. तेही अक्षरांचं उलटणं, ध्वनींचं नव्हे. गिटार वाजवत, चालीत, यमक सांभाळून, उच्चारातल्या हरएक ध्वनीचं उलटं रूप हिशेबात धरून कुणी सैतानाची आरती लपवली असेल, तर त्याला तुरुंगात टाकण्याआधी एखाद्या विद्यापीठाने अध्यासन द्यायला हवं.

## "ऐकू आलं नाही तरी आतल्या मनात उतरत असेल"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण यातली भीती खरी असते. आईबापांना वाटतं, पोराला कळतही नाही आणि काहीतरी त्याच्या डोक्यात शिरतंय.

व्होकी आणि रीड यांनी हेही पाहिलं. लोकांना उलटी वाक्यं ऐकवली आणि सांगितलं, कळलं नाही तरी चालेल, नुसत्या अंदाजाने पाच ढिगांत वाटा: बडबडगीत, ख्रिस्ती मजकूर, सैतानी मजकूर, अश्लील मजकूर, जाहिरात. आतल्या मनाला काहीही उमगत असतं तर अंदाज थोडातरी बरोबर यायला हवा होता. पाच ढीग म्हणजे डोळे मिटून टाकलं तरी पाचात एक बरोबर येणारच. निकालही तेवढाच आला. वाक्य प्रश्न आहे की विधान, हेही ऐकणाऱ्यांना ओळखता येईना.

हा वाद पुढे न्यायालयातही पोचला. १९९० साली नेवाडातल्या रीनो शहरात जुडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. दोन घरांतली तरुण मुलं गेली होती, आणि गाण्यातल्या छुप्या आज्ञेने हे घडलं असा आईवडिलांचा दावा होता. त्यांचं दुःख खरंच होतं. न्यायाधीशांनी फीत पुन्हापुन्हा ऐकली आणि ती 'आज्ञा' म्हणजे गिटारचा स्वर आणि गायकाचा निःश्वास यांचा योगायोगाने जुळलेला आवाज आहे असं ठरवून दावा फेटाळला. त्या खटल्यात गायक रॉब हॅलफर्डने आपल्याच तबकड्या उलट्या ऐकून काय-काय सापडतं तेही दाखवलं. त्यातलं एक वाक्य होतं: "आई, बघ, माझी खुर्ची मोडली."

## "हसून सुटका करून घेतली, उत्तर कुठे दिलं?"

पेट्राच्या बाजूचा असूनही मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. कारण उलटा निरोप हा टीकेचा सगळ्यांत पोकळ भाग होता, आणि पोकळ भागावर टपली मारणं सोपं असतं. खरा प्रश्न वेगळा होता: भक्तीचे शब्द बाजारातल्या चालीवर चढवले की शब्द चालीला बदलतात, की चाल शब्दांना?

हा प्रश्न आपल्याला अगदी घरचा आहे. गणपतीच्या मांडवात चालू सिनेमाच्या चालीवर बाप्पाचं गाणं लागलं की पहिल्या बाकावरचे काका तोंड वाकडं करतात. त्यांचं म्हणणं निव्वळ खवचटपणाचं नसतं. चाल आपल्या आठवणी सोबत घेऊन येते. ओठांवर बाप्पा आणि डोळ्यांपुढे नटी, असं होऊ शकतं. पण उलटही होतं. लंडनच्या नाट्यगृहांतल्या, दारूच्या ग्लासांसोबत गायल्या जाणाऱ्या चाली विल्यम बूथच्या साल्व्हेशन आर्मीने, म्हणजे आपल्या मुक्तिफौजेने, बेधडक उचलल्या आणि त्यावर देवाची गाणी रचली. ही मुक्तिफौज सप्टेंबर १८८२मध्ये, पेट्राच्या त्या तबकडीच्या बरोबर शंभर वर्षं आधी, मुंबईत उतरली आणि वाजत-गाजत रस्त्यावर निघाली म्हणून पोलिसांनी तिच्या लोकांना धरलं.

आणि रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने अहमदनगरात बसून मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी अभंग, ओव्या आणि भजनं लिहिली. त्याआधी इथल्या चर्चमध्ये परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं मोठ्या प्रमाणावर गायली जात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. टाळ-मृदंग येशूपुढे वाजवायचा का, हा तेव्हाचा प्रश्न आणि गिटार वाजवायची का, हा फोर्ट वेनचा प्रश्न, यांत मला फार अंतर दिसत नाही. आज टिळकांची भजनं मराठी उपासनेत इतकी मुरलीत की त्यांना कधीकाळी नवं म्हणत असतील हेच खरं वाटत नाही.

पेट्राने या खऱ्या प्रश्नाला विनोदाने उत्तर दिलं नाही, कष्टाने दिलं. तबकडीसोबतच्या कागदावर गाण्यांचे शब्द छापताना ते बायबलमधल्या वचनांचे संदर्भ द्यायचे. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याने वाचावेत, ज्याला शंका आहे त्याने ग्रंथ उघडून ताडून पाहावं. दोन-अडीच वर्षांनी आलेल्या 'बीट द सिस्टम' या तबकडीत 'विच हंट' हे गाणं होतं. त्यात स्वतःच्याच मंडळीत चेटकिणी हुडकत हिंडणाऱ्यांची सडकून टर उडवली आहे. मला तो विनोद उलट्या निरोपाइतका उंच वाटत नाही. त्यात राग डोकावतो, आणि राग डोकावला की टोला मारणारा दिसू लागतो.

टीकेतला एक भाग मात्र त्यांना चिकटून राहिला आणि तो रास्त होता, असं माझं मत. लोकप्रिय रॉकमध्ये जे वारं वाहील ते दोन-चार वर्षांनी ख्रिस्ती रॉकमध्ये पोचायचं. सिंथेसायझर आला की सिंथेसायझर, जड गिटार आली की जड गिटार. पेट्राही याला अपवाद नव्हता. सैतानाशी त्याचा संबंध नाही. तो उसनवारीचा दोष आहे, आणि उसनवारीवर उलटा निरोप काय करणार?

## टीकाकार बदलले का

नाही. स्वॅगर्टचं पुस्तक या खोडीनंतर पाच वर्षांनी आलं, तेव्हा त्याच्यापुरता तरी निरोप वाया गेला. पेट्राला पुढे संगीतातले मानाचे चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले, २००० साली गॉस्पेल संगीताच्या मानाच्या सभागृहात जागा मिळाली, तिथे पोचलेला तो पहिला रॉक बँड. तोवर फलक घेऊन दारात उभं राहणाऱ्यांची पुढची पिढी चर्चमध्येच ड्रमसेट आणि गिटार घेऊन बसू लागली होती.

मला वाटतं ते वाक्य प्रवचनकारासाठी नव्हतंच. ते होतं ओहायो किंवा इंडियानातल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या पोरासाठी, ज्याची तबकडी आईने काढून कपाटात ठेवली असेल. रॉकच्या बाजूने तासभर वाद घालायला त्याच्याकडे शब्द नव्हते. आता त्याला एवढंच म्हणायचं होतं: "आई, तूच एकदा उलटी लावून बघ." आणि आई बोटाने तबकडी मागे ओढत, कान लावून, श्वास रोखून बसली, की पोराने तिच्या तोंडाकडे बघत राहायचं.